त्रिज्या : शब्द आणि अर्थ



आजच्या व्याख्यानासाठी योजिलेला शब्द वेदान्तातील नाही आणि मीमांसेतीलही नाही. तो शाळकरी मुलाच्या पाटीवरचा आहे. वर्तुळ काढावयाचे, त्याचा मध्य मांडावयाचा, मध्यापासून परिघापर्यंत एक रेषा ओढावयाची आणि त्या रेषेस 'त्रिज्या' म्हणावयाचे, एवढे गणित शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. परंतु तिला त्रिज्या का म्हणावयाचे, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले म्हणजे भल्याभल्यांची अडचण होते.

अडचण खरी आहे. शब्द सरळ फोडला तर 'त्रि' म्हणजे तीन आणि 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. मग वर्तुळात तीन दोऱ्या कोठे आहेत? पुढची शंका याहून बिकट. भूमितीच्या त्याच पुस्तकात परिघावरील दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेला 'जीवा' म्हटलेले असते, आणि संस्कृतात जीवा व ज्या हे एकाच अर्थाचे शब्द आहेत. पुस्तक बजावून सांगते की जीवेची दोन्ही टोके परिघावर असतात. त्रिज्येचे एक टोक मात्र मध्यात असते. म्हणजे त्रिज्या ही जीवा नव्हे. जी जीवा नव्हे तिच्या नावात ज्या कशी आली? परीघ व्यासाच्या सुमारे तिप्पट असतो म्हणून 'त्रि' आले असावे, असे समाधान करून घेण्याचा मोह होतो. पण मग तो तीनचा मान व्यासाला मिळावयास हवा होता, त्याच्या अर्ध्याला नव्हे. आणि ज्येचा उलगडा तरीही होत नाहीच.

असे अर्धवट समाधान मुलाच्या गळी उतरविण्यापेक्षा शब्दालाच विचारणे बरे. त्यासाठी वर्तुळापासून थोडे दूर, धनुष्याकडे जावे लागते.

ज्या हा फार जुना शब्द आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील पंचाहत्तरावे सूक्त युद्धाच्या साधनांची स्तुती करते. तेथे धनुष्यावर ताणलेली ज्या योद्ध्याच्या कानाशी येते, जणू प्रिय सख्याला आलिंगन देऊन काही सांगू पाहणारी स्त्रीच, असे वर्णन आहे. यास्काचार्यांनी निरुक्तात तिची व्युत्पत्ती देताना एकाऐवजी तीन पर्याय पुढे ठेवले आहेत : जिंकणे या अर्थाच्या धातूपासून, पराभूत करणे या अर्थाच्या धातूपासून, किंवा बाणांना वेगाने पाठविते म्हणून. तिन्हींत रणांगणच आहे, गणित कोठेही नाही. अमरकोशात मौर्वी, शिञ्जिनी आणि गुण हे तिचे पर्याय दिले आहेत. गंमत अशी की त्याच कोशात पृथ्वीच्या नावांतही 'ज्या' येते. पण त्या वाटेने आज जावयाचे नाही.

गणितज्ञांनी हे सगळे धनुष्य जसेच्या तसे उचलले. वर्तुळाचा एक तुकडा घेतला की तो वाकविलेल्या धनुष्यासारखा दिसतो. म्हणून त्याला नाव धनु किंवा चाप. त्याची दोन टोके जोडणारी सरळ रेषा ती दोरी. म्हणून ज्या, जीवा किंवा मौर्वी. दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे लावलेला बाण. म्हणून शर किंवा इषु. नावे इतकी चपखल की आकृती न काढताही ती डोळ्यांपुढे उभी राहते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत दहा व्यासाच्या वर्तुळात सहा लांबीची ज्या दिली आहे आणि बाण किती, असे विचारले आहे. दहा आणि सहा यांची बेरीज सोळा, वजाबाकी चार, त्यांचा गुणाकार चौसष्ट, त्याचे मूळ आठ. दहातून आठ गेले दोन, त्याचे अर्धे एक. बाण एक. ज्यांना ताळा पाहावयाचा असेल त्यांनी कागदावर आकृती काढून पाहावी.

या उदाहरणात ज्या म्हणजे संपूर्ण दोरी, हे ध्यानात ठेवावे. कारण याच ठिकाणी शब्दाने पहिले वळण घेतले आहे.

आकाशातील ग्रहांचे गणित करणाऱ्यास संपूर्ण दोरीचा उपयोग थोडा. वर्तुळाच्या मध्यातून एक सरळ सूत्र काढले आणि ग्रह परिघावर कोठेतरी असला, तर त्या सूत्रापासून तो आडवा किती दूर आहे, हे त्याला हवे असते. ते अंतर म्हणजे अर्धी दोरी. ग्रह जेथे आहे तेथून सूत्राच्या पलीकडे तितकेच अंतर घेतले की पूर्ण दोरी होते. पण पलीकडच्या अर्ध्याचे काही काम नसते. म्हणून आर्यभटाने, कलियुगाची ३६०० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, म्हणजे सन ४९९ मध्ये, आपल्या आर्यभटीयात ज्या कोष्टकाचा पाया घातला ते अर्ध्या ज्यांचे आहे. त्याने २४ अर्धज्यांमधील अंतरे एका श्लोकात गुंफली : पहिले २२५, मग २२४, मग २२२, असे उतरत उतरत शेवटचे ७. या सर्वांची बेरीज ३४३८ होते. हा ३४३८ चा आकडा पुढे पुन्हा भेटणार आहे.

प्रत्येक वेळी 'अर्धज्या' म्हणण्याचा कंटाळा कोणाला येणार नाही? आणि श्लोकात तर एकेक मात्रा मोलाची. तेव्हा 'अर्ध' गळाले आणि उरली नुसती 'ज्या'. पदाचा एक भाग बोलून संपूर्ण पद सुचविणे ही भाषेची नेहमीची रीत आहे. महाभाष्यात पतंजलींनी देवदत्ताला दत्त आणि सत्यभामेला भामा म्हणतात, असे दाखले दिलेच आहेत. मात्र भामा म्हटल्याने सत्यभामा अर्धी होत नाही. येथे 'अर्ध' गळाल्याने अर्थ थेट दुप्पट होण्याची भीती असते.

ही भीती पोकळ नाही. एक राशी म्हणजे ३० अंश. आर्यभटाच्या कोष्टकात एका राशीची ज्या १७१९ येते. हीच ३० अंशांच्या चापाची संपूर्ण दोरी, असे कोणी समजला तर तो फसला. कारण तेवढ्या चापाची खरी संपूर्ण दोरी १७८० आहे. ती काढावयाची तर १५ अंशांची ज्या, म्हणजे ८९०, दुप्पट करावी लागते. उलट, लीलावतीतील सहा लांबीची ज्या ही अर्धी दोरी मानली तर आकृतीच मोडते. दहा व्यासाच्या वर्तुळात पाचापेक्षा मोठी अर्धी दोरी बसणार तरी कशी? भास्कराचार्यांनी हे धोके ओळखले होते. म्हणून सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांचे स्पष्टीकरण आरंभितानाच त्यांनी सांगून टाकले आहे की, ग्रह अर्धज्येच्या अग्रावर असतो, त्याचे सर्व कर्म अर्धज्यांनीच होते, त्याअर्थी येथे ज्या या नावाने अर्धज्याच समजावी. एकाच आचार्यांनी लीलावतीत ज्या संपूर्ण घेतली, ग्रहगणितात अर्धी घेतली, आणि घेताना तसे स्पष्ट बजावले. शब्द बदलला नाही तरी चालेल, पण वाचणाऱ्यास सावध केले पाहिजे, ही त्यांची शिस्त आजच्या पाठ्यपुस्तकांनी घेण्यासारखी आहे.

आता 'त्रि' पाहावयाचा. आधी मात्र मनातल्या मनात एक धनुष्य ओढून पाहावे.

वर्तुळाचे बारा भाग केले की बारा राशी. दोन राशींचे धनुष्य घ्या. त्याची दोरी किती? परिघाच्या सहाव्या भागाची ज्या व्यासाच्या अर्ध्याएवढी असते, असे आर्यभटाने सांगितले आहे. तेथे त्याने ज्या शब्द संपूर्ण दोरीसाठीच वापरला आहे. या दोरीचा अर्धा, म्हणजे १७१९, ही एका राशीची ज्या. आता धनुष्य वाढवा. चार राशींचे धनुष्य केले की त्याच्या दोरीचा अर्धा ही दोन राशींची ज्या, २९७८. धनुष्य जसजसे मोठे होते तसतशी दोरी लांबत जाते आणि मध्याच्या जवळ सरकत येते. शेवटी धनुष्य सहा राशींचे, म्हणजे अर्ध्या वर्तुळाचे झाले. दोरी आता अगदी मध्यातून जाते. ती व्यासच झाली. तिचा अर्धा म्हणजे मध्यापासून परिघापर्यंतची रेषा. ही अर्धी दोरी किती राशींची ज्या झाली? सहाच्या अर्ध्या, तीन राशींची. तीन राशींची ज्या, तीच त्रिज्या.

त्रिज्येचे एक टोक मध्यात का, हा विद्यार्थ्याचा प्रश्न येथे आपोआप सुटतो. ती अर्धी दोरी आहे आणि दोरीचा मध्य वर्तुळाच्या मध्यावरच पडला आहे. 'त्रि' हा आकडा ज्यांचा नव्हे, राशींचा. ग्रंथांतून 'त्रिभज्या' आणि 'त्रिभजीवा' अशीही रूपे आढळतात. 'भ' म्हणजे राशी. त्रिभज्येतील 'भ' गेला की त्रिज्या राहते. शाकप्रिय राजाला वैयाकरण 'शाकपार्थिव' म्हणतात आणि मधले पद गाळतात, तसाच हा मध्यमपदलोपी समास. म्हणजे या लहानशा शब्दातून दोन पदे नाहीशी झाली आहेत, 'राशी' आणि 'अर्ध'. दोन्ही परत ठेवली म्हणजे अर्थ लख्ख होतो.

मग सरळ व्यासार्ध का म्हटले नाही? तोही शब्द होताच, आणि शेत किंवा विहीर मोजणाऱ्यास तो पुरेसा होता. त्रिज्या हे नाव ज्योतिषाला हवे होते, कारण त्याच्यापुढे कोष्टक होते आणि कोष्टकाचा शेवटचा आकडा म्हणजे त्रिज्या. तो आकडा प्रत्येक आचार्याचा निराळा. आर्यभटाचा आणि भास्कराचार्यांचा ३४३८, ब्रह्मगुप्ताचा ३२७०, वराहमिहिराचा पंचसिद्धान्तिकेत अवघा १२०. आकडा बदलला तरी रीत बदलू नये, यासाठी आकड्याला नाव देणे भाग होते. 'त्रिज्येने भागावे' एवढे म्हटले की ज्याचे जे कोष्टक असेल त्याने ते वापरावे.

३४३८ कोठून आला, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला, मिळून २१,६०० कला. परीघ २१,६०० कलांचा धरला तर त्याच मापाने व्यासार्ध किती? २०,००० व्यासाला जवळपास ६२,८३२ परीघ, असे आर्यभटाचे प्रमाण आहे. त्यावरून त्रैराशिक मांडले की व्यासार्ध ३४३८ कलांहून किंचित कमी येते. चाप आणि दोरी एकाच मापाने मोजल्यामुळे २२५ कलांच्या लहान चापाची ज्याही २२५ च निघते. इतक्या लहान धनुष्यात चाप आणि दोरी यांत फरक तो किती राहणार? पुढे चौदाव्या शतकात केरळातील संगमग्रामच्या माधवाने हीच त्रिज्या ३४३७ कला, ४४ विकला आणि ४८ प्रतिविकला इतकी सूक्ष्म केली. आज गणितात ज्याला रेडियन म्हणतात तो कोन हाच, ५७ अंश १८ कलांच्या आत किंचित.

ही रीत प्रत्यक्षात कशी चाले, ते एका उदाहरणाने पाहू. सूर्य विषुववृत्तापासून जास्तीत जास्त २४ अंश दूर जातो, असे जुने मान होते. त्या २४ अंशांची ज्या १३९७. वसंतसंपातापासून सूर्य तीन राशी पुढे गेला की तो या टोकाला पोहोचतो. तेथे त्याची ज्या त्रिज्येएवढी, म्हणजे ३४३८. मग तो एकच राशी पुढे असता किती दूर? त्रिज्येला १३९७, तर १७१९ ला किती? १७१९ हे ३४३८ चे बरोबर अर्धे. म्हणून उत्तर ६९८ आणि अर्धा. त्या ज्येचे चाप केले की सुमारे पावणेबारा अंश येतात. दिनमान, छाया, ग्रहण यांच्या गणितात असे त्रैराशिक पावलोपावली आहे, आणि बहुतेक ठिकाणी भाजक त्रिज्याच. येथे एक सावधगिरी हवी. 'त्रैराशिक' शब्दातील राशी म्हणजे संख्या; त्रिज्येत गाळलेली राशी म्हणजे मेष-वृषभांची राशी. दोन्ही शब्दांत 'त्रि' आहे एवढ्यावरून त्यांचे नाते जोडू नये.

भास्कराचार्यांचे गणित पुढे कोठे शिकविले जाई, हे सांगणारा एक शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या पदरी मुख्य ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी तेथे एक मठ स्थापिला, आणि शके ११२८ मध्ये त्याला मिळालेल्या देणग्यांची नोंद दगडावर झाली. तो लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रसिद्धीस आणला. लेख संस्कृत आहे, पण देणग्यांचा तपशील देणारा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. सिद्धान्त संस्कृतात असला तरी मठाला काय आणि किती द्यावयाचे हे गावकऱ्यांना कळावयास हवे, म्हणून ते त्यांच्या भाषेत. त्या मठात सिद्धान्तशिरोमणी उघडून बसलेल्या बटूंना 'येथे ज्या म्हणजे अर्धज्या' हे वाक्य पहिल्या काही दिवसांतच शिकावे लागले असणार.

इतके असूनही मराठी माणसाला ज्या परकी कशी झाली? त्याचे एक कारण, विचित्र वाटेल, पण एका थोर गणितज्ञाच्या कौशल्यात सापडते. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये ग्रहलाघव रचला. ज्या आणि चाप यांच्या खटाटोपात न पडता सोप्या गुणाकार-भागाकारांनी ग्रह काढण्याची युक्ती त्यात साधली आहे. पंचांग करणारांनी तो ग्रंथ डोक्यावर घेतला आणि पुढे कित्येक शतके महाराष्ट्रातील पंचांगे त्याच्या आधारे होत राहिली. कोष्टकाची गरज सरली, तसा ज्येचा नित्य परिचयही सरला. यात दैवज्ञांना दोष देता येत नाही. लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका त्यांनीच लिहिली आहे आणि ज्या काय हे ते पुरते जाणत होते. शिडी चढून गेलेल्याने ती काढून घेतली नव्हती. मागून येणारांनीच ती वापरावयाचे सोडले. पुढे भूमितीच्या पुस्तकांत त्रिज्या हा शब्द एकटाच उरला, राशींवाचून आणि कोष्टकावाचून. त्रिकोणमितीत ज्येच्या जागी 'साइन' आला.

आणि हा साइन तरी कोण? तोही याच घरातला, परदेशी जाऊन नाव बदललेला. संस्कृत ग्रहगणित आठव्या शतकाच्या सुमारास बगदादला पोहोचले. तेथील पंडितांनी जीवा हा शब्द भाषांतर न करता उच्चारावरून घेतला. अरबीत तो 'जीब' झाला. अरबी लिपीत मुख्यतः व्यंजने लिहितात. तीच अक्षरे 'जैब' अशीही वाचता येतात, आणि जैब हा त्या भाषेतील रुळलेला शब्द. त्याचा अर्थ वस्त्राचा गळ्याशी असलेला उघडा भाग, घडी, छाती. बाराव्या शतकात युरोपात लॅटिन भाषांतरे झाली तेव्हा अनुवादकांनी जैब वाचले आणि त्याच अर्थाचा 'सायनस' हा शब्द योजिला. धनुष्याची दोरी अशी वस्त्राची घडी झाली. सायनसचा पुढे साइन झाला, आणि इंग्रजी शाळांच्या मार्गाने तो जेथून निघाला तेथेच परत आला. ग्वाल्हेर, इंदूर किंवा हैदराबाद येथील बाजारात खिशाला 'जेब' म्हणतात ती याच अरबी जैबपासून. तिचा जीवेशी जन्माचा संबंध काही नाही. वाचनाच्या चुकीने जडलेले मानलेले नाते आहे, एवढेच.

त्रिज्या मात्र परदेशी गेली नाही; ती शेजारीपाजारी राहिली. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी शाळेतील मुलेही त्रिज्याच म्हणतात, वडोदऱ्याच्या गुजराती शाळेतही त्रिज्याच, आणि बेळगावकडील कन्नड शाळेत शेवटचा स्वर ऱ्हस्व करून 'त्रिज्य'. हैदराबादेत तेलुगू माध्यमात शिकणारे मूल 'व्यासार्धम्' म्हणते. त्याचा शब्द शेत मोजणाऱ्याचा, याचा आकाश मोजणाऱ्याचा. त्या शहरातील मराठी घरातले मूल शेजारच्या सवंगड्याबरोबर अभ्यासाला बसले, तर एकाच वर्तुळातील एकाच रेषेला दोघे दोन नावे देतात. आणि दोघांचीही नावे बरोबर असतात.